मोरपिशी मखमलीतली चीर

१

चीर वीतभर लांब होती. दोन बटनांच्या मधून, मखमलीच्या घडीला धरून ती सरळ खाली उतरली होती, आणि तिच्यातून आतला पांढरा कापूस डोकावत होता.

नळदुर्गच्या हायवेलगतच्या त्या लहानशा कारखान्यात सकाळचे सव्वानऊ वाजले होते. पाच माणसं पलंगासमोर उभी होती.

सरोजिनीबाई तुळजापूरहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. धाराशिवला त्यांच्या भाचीच्या, मैथिलीच्या, बाळाचं आज बारसं होतं. पलंग टेम्पोत चढवायचा, त्याच टेम्पोत पुढं बसायचं आणि साडेबाराच्या आत तो मैथिलीच्या खोलीत मांडून द्यायचा, असं ठरलं होतं. मैथिलीच्या नवऱ्यानं, मुकुलनं, कुठल्या परदेशी कंपनीच्या कॅटलॉगमधलं चित्र दाखवून "असा पलंग हवा" म्हटलं, तेव्हा त्याची आई द्वारकाबाई मुंबईहून मागवायला निघाल्या होत्या. "मुंबई कशाला? आपल्या नळदुर्गात रामलिंग उस्ताद आहेत," असं ठासून सांगितलं होतं ते सरोजिनीबाईंनीच. तीस वर्षं त्यांनी आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवलं होतं. टाका बघितला की हात कुणाचा ते त्यांना कळायचं.

आणि रामलिंगनं चित्राला मागं टाकलं होतं. सांगाडा अस्सल सागवानी. डोक्याकडची पाठ सहा फूट उंच, दोन्ही कडा पंखासारख्या पुढं वळवलेल्या. सागावर ताणलेली ज्यूटची पट्टी, तिच्यावर काथ्या, मग फोम, मग हातानं पिंजलेल्या कापसाचा थर, आणि सगळ्यावर मोरपिशी मखमल. तिच्यात खोल दाबलेली शंभरावर बटनं आणि बटनांच्या मधून पडलेले चौकोनी हिरे, एकाशेजारी एक, एका मापाचे. पाठ दोन लाकडी घोड्यांवर उभी केली होती आणि खिडकीतलं ऊन पडलं की सगळी मखमल पाण्यासारखी हलल्याचा भास व्हायचा.

त्याच पाण्यावर आता ही चीर.

"पाच महिन्यांचं काम," रामलिंग शेवटी बोलला. साठीला आलेला, उंच, हडकुळा माणूस.  "पाच महिन्यांचं काम, आन एका रात्रीत नासवलं. म्या सांगतो बाई, हे मल्हारचंच काम हाय."

"अवो, असं एकदम नाव घ्यू नका कुणाचं," त्याची बायको सिताबाई हळूच म्हणाली. बुटकीशी, पदर घट्ट ओढून उभी असलेली. तिच्या ओठांना रंग नव्हता.

"घ्यू नको तर काय करू? दाराला दोनच किल्ल्या. एक माझी, ती घरात खुंटीला. दुसरी मल्हारची. कुलूप तोडलेलं न्हाय. मग कोण आलं आत, वारा? आठ दिस झाले, सोलापूरच्या शोरूमला जातो म्हणून भांडतंय माझ्याशी. जाता जाता हे करून गेलं! चला, पोलिसात जायचं."

तेवढ्यात दारातून कुणीतरी विचारलं, "कोण गेलं, उस्ताद?"

खांद्याला पिशवी आणि कपाळाला गुलाल लावलेला, कारखान्याचा सुतार मल्हार उंबऱ्यात उभा होता.

२

रामलिंग त्याच्या अंगावर धावला नाही एवढंच. टेम्पोवाला बिराप्पा मधे पडला म्हणून. बिराप्पा अणदूरकडचा, बोलता बोलता कानडीत शिरणारा धिप्पाड गडी. त्यानं रामलिंगला अलगद स्टुलावर बसवलं आणि सरोजिनीबाईंकडं बघून म्हणाला, "अक्का, तुमी शिकलेले हाव. तुमीच इचारा. ह्यांचं डोस्कं गरम हाय."

सरोजिनीबाईंनी घड्याळ बघितलं. "उस्ताद, मला तासभर द्या. तासाभरात उलगडलं नाही तर मी स्वतः तुमच्याबरोबर पोलिसात येते. चालेल?"

रामलिंगनं मान हलवली, पण मल्हारकडं बघितलं नाही.

मल्हार पलंगाजवळ आला. चीर दिसताच त्याची पिशवी खांद्यावरून घसरली. त्यानं चिरीला हात लावला नाही. खालच्या सागवानी कडेवर तळवा ठेवून तो नुसता उभा राहिला.

"काल कुठं होतास?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"सोनारीला, मॅडम. काळभैरवाला. आईचा नवस व्हता. काल सकाळीच गेलो, मुक्काम केला, आन पहाटंच्या गाडीनं निघून आता उतरलो." त्यानं खिशातून एसटीची दोन तिकिटं काढून दिली. जाण्याचं कालचं, येण्याचं आजचं.

"सोलापूरला जाणार हे खरं?"

"खरं हाय. चोरून न्हाय चाललो. तोंडावर सांगितलं उस्तादांना."  "सांगाडा म्या केलाय ह्याचा. पंखांचा बाक आणायला तीन येळा लाकूड फेकून दिलं. आपल्याच लेकराला कोण चिरंल, मॅडम?"

तिकिटं खोटी नव्हती. रामलिंगही ती हातात घेऊन डोळ्यांपाशी नेऊन, मग लांब धरून बघत बसला आणि परत देऊन टाकली.

"पण किल्ली?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "तुझी किल्ली तर तुझ्याकडंच असेल?"

मल्हार घुटमळला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या करिश्माकडं त्यानं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"किल्ली म्या करिश्माकडं दिली व्हती. काल जाताना."

३

करिश्माचा चेहरा पांढरा पडला. पंचविशीची, अंगानं उंच, सडसडीत पोरगी. ती सरोजिनीबाईंचीच विद्यार्थिनी. गादीकामात बाई कशाला, म्हणून रामलिंग नाही म्हणत असताना सरोजिनीबाईंनी शब्द टाकून तिला इथं लावलं होतं. तिच्यावर आळ आला तर तो आपल्याही तोंडावर येणार, हे त्यांना दिसत होतं. तरी विचारणं भाग होतं.

"किल्ली रात्रभर माझ्याच पर्समधी व्हती मॅडम," ती म्हणाली. "सकाळी नऊला म्याच दार उघडलं. उघडलं तर हे असं."

"हिला पाठीचं काम करायचं व्हतं," रामलिंग स्टुलावरून म्हणाला. "म्या हात लावू दिला न्हाय. शिलाईमशीन चालव म्हटलं, बटनाच्या वाटंला जाऊ नको. रुसली व्हती."

"रुसले व्हते," करिश्मा म्हणाली. डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण आवाज ताठ राहिला. "रुसले म्हणून चिरीन व्हय? मामा, तुमी बटन दाबताना म्या रोज लांबून बघत व्हते. एवढं सुंदर काम म्या जल्मात बघितलं न्हाय."

रामलिंगनं तोंड फिरवलं.

सरोजिनीबाई पाठीजवळ गेल्या, चष्मा पुसून डोळ्याला लावला आणि चिरीशी वाकल्या. मल्हारनं ट्यूबलाइट लावली तशी त्यांनी ती बंद करायला लावली. मखमल बघायची तर ऊन तिरपं हवं.

पहिली गोष्ट त्यांना लगेच दिसली. राग काढणारा माणूस मधोमध, जिथं डोळ्यात भरेल तिथं पातं चालवतो. ही चीर घडीच्या आत होती. होता होईल तो दिसू नये अशा बेतानं घातलेली.

दुसरी बघायला बोट लावावं लागलं. चिरीच्या दोन्ही काठांना सुईची बारीक भोकं होती, सारख्या अंतरानं. कुणीतरी चीर शिवून बघितली होती आणि मनासारखं होईना म्हणून दोरा काढून घेतला होता. भोकं कापडाच्या वरून खाली, वरून खाली गेलेली. साधा धावता टाका.

"करिश्मा, मखमल मिटवायची तर कुठला टाका घालशील?"

"आतून, मॅडम. शिडीचा. वरून सुई दिसायलाच न्हाय पायजे. तुमीच शिकिवलाय."

"आणि मल्हार, तू?"

"मला बटन लावाया येत न्हाय," मल्हार म्हणाला.

तिसरी गोष्ट मखमलीनं स्वतःच सांगितली. मखमलीवरून काही फिरवलं की तिची लव त्या बाजूला झुकते आणि तेवढा पट्टा गडद दिसतो. तिरप्या उन्हात सरोजिनीबाईंना आडवे पट्टे दिसले. डावीकडून उजवीकडं, एकाखाली एक, शेतात पेरणीची पाभर फिरवावी तसे सरळ. खालपासून वरपर्यंत सगळ्या पाठीवर. फक्त अगदी वरचा हात-दीड हात मोकळा होता. तिथवर फिरवणाऱ्याचा हात पोचला नव्हता.

त्यांनी खोलीभर नजर टाकली. मल्हारच्या हत्यारांच्या फळीवर दोरीला बांधलेलं लोहचुंबक होतं, भुशातले खिळे वेचायचं. त्यांनी ते उचललं. त्याला मोरपिशी लव चिकटली होती.

"कुणीतरी ह्या पाठीत काहीतरी शोधत होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "लोखंडाचं. मोडायला आलेलं माणूस असं ओळीनं शोधत नाही. आणि उस्ताद, ते माणूस ह्या कारखान्यात काम करणारं नाही."

"मग कोण?" रामलिंग उठून उभा राहिला.

 सरोजिनीबाई रामलिंगच्या कामाच्या पाटाकडं बघत होत्या. तिथं कापडाच्या उशीत डझनभर सुया खोचून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक सुईत आधीच दोरा ओवलेला होता.

मागं कपबशांचा आवाज झाला. सिताबाई चहाचं निमित्त करून घरात निघून गेली होती.

४

घर कारखान्याला लागूनच होतं. सिताबाई शेगडीशी पाठमोरी उभी होती. गॅस पेटवलेला नव्हता, नुसतं पातेलं ठेवलं होतं. बाजेवर तिनं शिवलेली वाकळ अंथरलेली होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून, वरून खाली धावत्या टाक्यांच्या ओळी घातलेली. सरोजिनीबाई तिच्यावर बसल्या आणि हातानं एक ओळ चाचपली. सारख्या अंतराचे टाके, तसूभर इकडंतिकडं नाहीत.

"छान हात आहे तुमचा, सिताबाई."

सिताबाईच्या खांद्यांना कंप सुटला.

"उस्तादांच्या सुया तुम्हीच ओवून ठेवता ना? कधीपासून?"

 ती एकदम जमिनीवरच बसली आणि पदर तोंडाला लावला.

"वरीस झालं," ती म्हणाली. "दिसत न्हाय त्यांना. धुकं असल्यागत दिसतंय म्हणतेत. त्यांचा बाप असाच आंधळा होऊन गेला. तवापास्नं धास्ती घेतलीय. डागदरकडं चला म्हटलं की अंगावर येतेत. कुणाला कळू द्यायचं न्हाय म्हणून माझ्याकडनं शप्पत घेतली. बोटांच्या अंदाजानं बटनं दाबली, बाई, सगळी बोटांच्या अंदाजानं."

सरोजिनीबाईंना समोर ते हिरे दिसले, एका मापाचे. 

"आणि काल सुई हरवली."

"व्हय. सांजच्याला म्या सगळ्या सुया मोजून ठिवते. एक कमी. त्यांना इचारलं तर म्हणले, पडली आसंल कुठंतरी. मला झोप लागंना. दिसभर पाठीवरच बसले व्हते. सुई आत ऱ्हायली आन त्या बाळंतिणीच्या डोक्यात घुसली म्हंजे? पहाटं खुंटीची किल्ली घेतली आन गेले. चुंबक फिरवलं. बटनाबटनाला चिकटायला लागलं, बटनं पत्र्याची की ती! पर एका जागी बटन नसताना वढलं. तिथं ब्लेडानं कापलं. वाटलं, वाकळंगत शिवून टाकीन, कुणाला कळायचं न्हाय. मखमल काय तसली शिवतीया व्हय? लईच वंगाळ दिसाया लागलं. मग दोरा काढला आन पळाले."

"मल्हारवर आळ आला तेव्हा?"

"तोंड उघडणार व्हते. देवाशप्पत. पर सांगितलं आसतं तर त्यांचे डोळे..." 

सरोजिनीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं उलगडलं होतं. कुणी वैरी नाही, कुणी चोर नाही. आता बाहेर जाऊन कसं सांगायचं एवढाच प्रश्न होता. त्या उठल्या, आणि दारापाशी जाता जाता सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सुई मिळाली ना पण?"

सिताबाईनं पदराच्या गाठीतून काहीतरी काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. ती सुई नव्हती. स्टेपलची एक वाकडी पिन होती.

५

सरोजिनीबाई जवळजवळ धावतच कारखान्यात आल्या. "उस्ताद, उशीतल्या सोडून बाकीच्या सुया कुठं ठेवतात?"

रामलिंग गोंधळून बघत राहिला. करिश्मानं खणातून नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, पट्टी काढून पुढं केली. वर्षानुवर्षं त्याच त्याच जागी सुया टोचून नमद्यावर प्रत्येकीचा गंजकट ठसा उमटला होता. लांब दाभणं होती, मधल्या होत्या, बारीक होत्या. एक जागा रिकामी होती. तिथला ठसा चंद्रकोरीसारखा होता.

"वाकडी सुई!" सरोजिनीबाई म्हणाल्या. "करिश्मा, पाठीच्या कामाला वाकडी सुई लागते?"

"न्हाय मॅडम. बटनं लांब दाभणानं. मागची बाजू स्टेपलनं बंद केली. वाकडी कशाला लागंल? ती फक्त भरलेली उशी बाहेरून मिटवायला."

"मग काल कुठली उशी मिटवली?"

करिश्मानं तोंडावर हात ठेवला. उत्तर बिराप्पानं दिलं. "पाळण्याची की अक्का! काल सांजच्याला म्याच घेऊन गेलो, धाराशिवला. गडबड करत व्हतो म्या, उस्तादांनी शेवटची बाजू हातानं शिवून दिली."

पलंगाच्याच मखमलीचा, आतून चारी बाजूंनी गादी लावलेला पाळणा. बारशासाठी एक दिवस आधी पोचवलेला.

सरोजिनीबाईंच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. साडेबाराला त्या पाळण्यात बाळ घालणार होते.

त्यांनी मैथिलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मुकुलचाही तसाच. द्वारकाबाईंचा बंद होता. बारशाच्या घरात फोन कोण उचलणार! करिश्मा आपल्या फोनवरून लावत राहिली, मल्हार त्याच्या.

"टेम्पो काढ," त्या बिराप्पाला म्हणाल्या.

पुढं बिराप्पाशेजारी रामलिंग आणि सरोजिनीबाई, मागं रिकाम्या हौद्यात सिताबाई, करिश्मा आणि मल्हार. वाटेत सरोजिनीबाईंनी रामलिंगला सगळं सांगितलं. चीर कुणी घातली, का घातली, सुई कुठं आहे. तो समोरच्या काचेकडं बघत ऐकत राहिला. तुळजापूरचा घाट चढून झाला. मग रामलिंग म्हणाला, "सुई हातातनं निसटली तवा वाटलं, खाली पडली. खाली बसून फरशी चाचपली. सापडली न्हाय. दुसरी घेतली आन शिवून टाकलं." आणि थोड्या वेळानं, "बाई, त्या लेकराला काय झालं तर म्या काय करू?"

 फोन वाजतच होता, उचलत कुणी नव्हतं. तुळजापूर सोडलं तेव्हा बारा वाजायला आले होते, आणि पुढं रस्त्याच्या कामापाशी गाड्यांची रांग लागली होती.

६

धाराशिवच्या त्या बंगल्यापुढं टेम्पो थांबला तेव्हा आतून बायकांचं गाणं ऐकू येत होतं. पाळणा म्हणायला सुरुवात झाली होती.

सरोजिनीबाईंनी चपलाही काढल्या नाहीत. दिवाणखाना बायकांनी भरलेला. मधोमध फुलांच्या माळा सोडलेला पाळणा. बाळ पाळण्याच्या वरून-खालून ह्या हातातून त्या हातात देऊन झालं होतं, आणि मैथिली त्याला घेऊन पाळण्यावर वाकली होती.

"मैथिली, थांब!"

गाणं मधेच तुटलं. मैथिली तशीच वाकलेली राहिली. "आत्या? काय झालं?"

"बाळाला पाळण्यात ठेवू नकोस. आधी गादी उसवून बघायची आहे."

द्वारकाबाई पुढं आल्या. पैठणी, नथ, चेहरा लाल. "बारशाच्या पाळण्याला कात्री लावायची? भरल्या घरात? सरोजिनीताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? आणि पलंग कुठाय? दुपारपर्यंत येणार होता ना तुमच्या उस्तादांचा पलंग?"

सरोजिनीबाई तोंड उघडणार तोच त्यांच्या मागून रामलिंग आत आला. डोक्यावरची टोपी हातात घेतलेली. एवढ्या बायकांपुढं तो क्षणभर अडखळला, मग सरळ द्वारकाबाईंपुढं जाऊन उभा राहिला.

"ह्यांचा दोष न्हाय, माय. माझी सुई हाय त्या गादीत. मला दिसत न्हाय. वरीस झालं, मला नीट दिसत न्हाय, आन म्या कुणाला सांगितलं न्हाय. काय बोलायचं ते मला बोला. पर आधी बघू द्या."

 मैथिलीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि दोन पावलं मागं सरली.

रामलिंग पाळण्याशी गुडघे टेकून बसला. डोळे मिटले. दोन्ही हातांची बोटं गादीवरून सरकू लागली, दाबत, थांबत, पुन्हा दाबत. डोक्याची बाजू झाली, एक कड झाली, दुसरी झाली. पायाकडच्या कोपऱ्यापाशी बोटं थबकली.

"इथं," तो म्हणाला. "करिश्मा, ये पोरी. तू उसव."

करिश्मानं टाके कापले, दोन बोटं आत घातली आणि हळूच बाहेर काढली. तिच्या चिमटीत चंद्रकोरीसारखी सुई होती. टोक वरच्या बाजूला होतं. मखमलीच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर.

मैथिली मटकन खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडताच हसली, कारण बाळ एवढ्या गोंधळात जांभई देऊन झोपलं होतं. सिताबाई दाराशी हात जोडून उभी होती. मुकुल फोन हातात घेऊन आला आणि म्हणाला, "एक्केचाळीस मिस्ड कॉल?" तेव्हा सगळ्यांनाच हसू फुटलं.

द्वारकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या रामलिंगकडं बघत होत्या. एवढ्या माणसांत उभं राहून आपली चूक बोलणारा माणूस त्यांनी फारसा बघितला नसावा. मग त्यांनी पदर खोचला, पाळण्याशी बसल्या आणि गादीचा इंचन्इंच स्वतःच्या हातानं दाबून बघितला.

"शीव ग पोरी परत," त्या करिश्माला म्हणाल्या. "बारसं थांबायचं नाही. आणि तुम्ही पाचही जण जेवल्याशिवाय हलायचं नाही."

करिश्मानं शिडीच्या टाक्यानं कड मिटवली. शिवून झाल्यावर आपली सुई आठवणीनं रामलिंगच्या हातात दिली. बाळाचं नाव अक्षरा ठेवलं.

जेवणाच्या पंगतीत रामलिंगनं मल्हारच्या पानाकडं हात नेला आणि त्याच्या मनगटाला धरलं. "मल्हार, म्या चुकलो."

"जिलबी खावा, उस्ताद," मल्हार म्हणाला. 

७

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाईंनी रामलिंगला जवळजवळ ओढतच धाराशिवच्या डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासणी होईपर्यंत सिताबाई बाहेर बाकावर डोळे मिटून बसली होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत पिकलाय. वडिलांचा आजार वेगळा असणार. ह्यांचा काढून टाकला की झालं."

"काढून टाकला की दिसंल?" सिताबाईनं विचारलं.

"दिसेल, आजी. चांगलं दिसेल."

सिताबाईनं ते वाक्य डॉक्टरांना दोनदा म्हणायला लावलं. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखी ती घरी येईपर्यंत बोलत राहिली, आणि रामलिंग खिडकीतून बाहेर बघत राहिला. मधेच त्यानं डोळे पुसले.

पलंगाची पाठ पुन्हा बांधावी लागली. चिरलेली मखमल उतरवली, नवी ताणली. ह्या खेपेला बटनं करिश्मानं दाबली. रामलिंग डोळ्याला पट्टी बांधून शेजारी स्टुलावर बसून सांगत होता, "आता दाब. आजून. बोटाला काथ्या लागंस्तवर दाब. हां, आता बांध." मल्हारनं सोलापूरला जायचं महिनाभर पुढं ढकललं होतं. पलंग पोचल्यावर तो गेला, पण भांडून नाही.

पलंग पोचला त्या दिवशी सरोजिनीबाईही आल्या होत्या. मल्हार आणि बिराप्पानं सांगाडा जोडला, पाठ उभी केली. मैथिलीच्या खोलीत सकाळचं ऊन आलं आणि मोरपिशी मखमल पाण्यासारखी हलली. अक्षराला कडेवर घेतलेल्या द्वारकाबाई बराच वेळ बघत राहिल्या. करिश्मा दाराशी उभी होती. तिचे हात ओढणीत गुंतले होते.

रामलिंग पुढं आला. दोन्ही डोळ्यांच्या पट्ट्या निघाल्याला आठवडा झाला होता. पाठीपासून चार हात लांब उभा राहून त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं, कडेपासून कडेपर्यंत. मग भुवया आक्रसल्या.

"करिश्मा."

"जी, मामा?"

"सगळ्या घड्या खाली तोंड करून पायजेत, न्हायतर धूळ साठती. तिसऱ्या वळीत, डावीकडनं आठवा हिरा. तिथली घडी वर तोंड करून हाय."

 मैथिलीनं पुढं होऊन निरखून बघितलं. मुकुलनं बघितलं. चष्मा लावून सरोजिनीबाईंनी बघितलं, आणि त्यांनाही आठव्या हिऱ्यावर बोट ठेवून शोधावी लागली. घडी होती. केसाएवढी, वर वळलेली.

"चार हातांवरनं दिसली?" सरोजिनीबाई म्हणाल्या.

"दिसली की," रामलिंग म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्याच ध्यानात आलं. "दिसली," तो पुन्हा म्हणाला, ह्या खेपेला सिताबाईकडं वळून.

सिताबाईला हसावं की रडावं कळेना. करिश्मा मात्र मोठ्यानं हसली, ओढणी कमरेला खोचली आणि घडी सरळ करायला पलंगावर चढली.